भर उन्हातली साक्ष

रात्रीची उल्का वाट पाहणाऱ्याला दिसते. दिवसाची उल्का दिसते ती कामात असलेल्याला.

डिसेंबरात मिथुन राशीतल्या उल्का पाहायच्या तर तयारी आधीपासून असते. गावाबाहेरचा माळ, सतरंजी, थर्मासमधला चहा, हट्टानं जागी राहिलेली पोरं. तारीख वर्तमानपत्रात येऊन गेलेली असते. दिवसाच्या उल्केची तारीख कोणी छापत नाही. ती येते तेव्हा कोणी वखर धरून असतो, कोणी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून पेंगत असतो, कोणी फळा पुसत असतो. त्यातला एखादा नेमका त्या दोन-तीन सेकंदांत मान वर करतो. त्याला कोणी नेमलेलं नसतं. पण तेवढ्यानं तो साक्षीदार होतो, आणि न मागितलेली एक जबाबदारी त्याच्या अंगावर येऊन पडते.

दिवसा उल्का कमी पडतात, असं मात्र नाही. सूर्याभोवती फिरताना पृथ्वीची पहाटेची बाजू पुढे असते, त्यामुळे मध्यरात्र उलटल्यापासून दुपारपर्यंत तिच्या वाटेत अंतराळातले खडे आणि धूळ जास्त येतात. १९४७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक इथे लष्कराच्या जुन्या रडारांनी आकाश ऐकलं गेलं, तेव्हा भर दिवसा उल्कांचे वर्षाव चालू असल्याचं कळलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऐन भरात येणारा मेष राशीतला वर्षाव त्यांतलाच. वर्षातल्या मोठ्या वर्षावांत त्याची गणना होते, आणि डोळ्यांनी तो जवळजवळ कोणीच पाहत नाही.

झाकायला काळोखच लागतो असं नाही. उजेडही तितकंच झाकतो.

म्हणून निळ्या आभाळात जी उल्का दिसते ती साधी नसते. शुक्राहून कितीतरी पट तेज अंगी असलं तरच ती सूर्यासमोर उभी राहते.

विदर्भात नवतपा, म्हणजे उन्हाच्या काहिलीचे नऊ दिवस, लागायला दोन-तीन दिवस उरले की दुपारी दोन वाजता वर बघायची कोणाची छाती होत नाही. रस्ते ओस, दारं लोटलेली, कूलरची घरघर. २२ मे २०१२ ला अशाच दुपारी, दोनच्या सुमारास, काटोल आणि आसपासच्या गावांवर आभाळ कडाडलं. स्फोटासारखे आवाज झाले आणि दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची नागपूरची माणसं दुसऱ्याच दिवशी तिथे पोचली. पुढे गावकऱ्यांना तुकडे सापडत गेले. तीसेक तुकडे, मिळून तेरा किलोंच्या आसपास. सगळ्यांत मोठा जेमतेम किलोभराचा.

संत्र्यांसाठी ओळखलं जाणारं काटोल आता जगभरच्या अशनींच्या, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या उल्कांच्या, यादीत आहे. अशनीला नाव मिळतं ते तो पडला त्या ठिकाणाचं. शोधणाऱ्याचं नाही, अभ्यास करणाऱ्याचंही नाही. मला ही रीत फार न्याय्य वाटते.

असा ताजा अशनी हातात घेऊन पाहावा. आकाराच्या मानानं जड लागतो. वरून काळा, आणि तो काळेपणा किती वरवरचा! करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याएवढी जाडी. कोपरा तुटलेला असेल तर आत राखाडी, सिमेंटच्या रंगाचा खडबडीत दगड दिसतो. उन्हात तिरपा धरला की त्यात लोखंडाचे बारीक कण चमकतात. कुठे एखादी काळी रेघ आरपार गेलेली असते. सेकंदाला अकरा किलोमीटरांहून जास्त वेगानं तो हवेत शिरला, पुढची हवा दाबली जाऊन हजारो अंश तापली, पृष्ठभाग वितळून मागे उडत गेला. आतल्या दगडाला त्याची खबर लागायला वेळच मिळाला नाही. आगीतून आलेल्या दगडाच्या पोटात अंतराळातला गारवा तसाच असतो.

त्या काळ्या रेघांत काटोलची खरी गोष्ट आहे. पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी, अंतराळात, या दगडाच्या मूळ पिंडावर दुसरं काहीतरी आदळलं होतं. त्या धक्क्यानं रेघांपुरता दगड वितळला आणि प्रचंड दाबाखाली पुन्हा गोठला. खरगपूरची आयआयटी, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि जपानचं हिरोशिमा विद्यापीठ इथल्या संशोधकांना त्या गोठलेल्या रेघांत ब्रिजमनाइट सापडलं. २०२१ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या खालच्या प्रावरणातलं सर्वांत मुबलक खनिज. साडेसहाशे किलोमीटरांहून खोल, आपल्या हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक दाबाखाली ते असतं. तिथवर कोणतंही यंत्र पोचलेलं नाही. पायाखाली जे आहे त्याचा नमुना डोक्यावरून आला.

आणि तो हाती लागला तो कोणीतरी पाहिला, ऐकला, शोधला, उचलला म्हणून.

प्रत्येकाला वाटतं, उल्का पलीकडच्या शेतात पडली. टेकडीमागे, नाल्यापलीकडे, फार तर शेजारच्या गावात. हा डोळ्यांचा भ्रम आहे आणि त्यातून कोणीच सुटत नाही. उजेड जिथे विझतो ती जागा बहुधा वीस-तीस किलोमीटर उंच असते. शंभर-दीडशे किलोमीटर दूरच्या माणसालाही ती क्षितिजाला टेकलेली दिसते. दगड उरलाच तर उजेड विझल्यावर तो काही मिनिटं काळा, मुका, एरवीच्या कुठल्याही दगडाच्या वेगानं खाली येत राहतो. तेवढ्यात पाहणारा घरी सांगायला धावत सुटलेला असतो.

जे दिपवतं ते जवळचं वाटतं.

आवाज मागाहून येतो. किलोमीटरला तीन सेकंद, असा त्याचा हिशेब. १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी सव्वानऊ उलटून गेल्यावर रशियातल्या चेल्याबिन्स्कवर आभाळात दुसरा सूर्य पेटला. अठरा-वीस मीटरचा खडक, सेकंदाला एकोणीस किलोमीटर वेग. तीसेक किलोमीटर उंचीवर तो फुटला. कामावर निघालेली, शाळेत बसलेली माणसं खिडक्यांशी आली आणि आभाळात उरलेली धुराची जाड रेघ पाहत उभी राहिली. दोन मिनिटांहून जास्त वेळ शांत गेला. मग हवेचा धक्का आला आणि काचा फुटल्या. दीड हजारांच्या आसपास माणसांना इलाज करून घ्यावा लागला. बहुतेकांना लागलं होतं ते काचांनी.

एका शाळेत चौथीच्या बाईंनी तो झगझगाट पाहिला. तो कशाचा, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी वर्गातल्या चव्वेचाळीस मुलांना बाकांखाली जायला सांगितलं. मुलांना ओरखडा आला नाही. बाईंचा हात काचेनं खोल कापला. पाहणं आणि पाहत राहणं यांत दोन मिनिटांचं अंतर होतं, आणि त्या दोन मिनिटांत त्या बाईंना जे सुचलं ते मला त्या दिवसातलं सर्वांत मोठं वाटतं. त्या खडकाची जगातल्या एकाही दुर्बिणीनं आधी वर्दी दिली नव्हती, कारण तो सूर्याच्या दिशेनं आला होता. त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अनेक दुर्बिणी त्याच्यावर रोखलेल्या होत्या.

१७६८ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या लुसे गावाजवळ, दुपारच्या वेळी, शेतात कापणी करणाऱ्यांनी कडकडाट ऐकला, वर पाहिलं, आणि एक दगड येऊन जमिनीत अर्धा रुतताना पाहिला. हात लावला तर चटका बसला. त्यांनी पाहिलं तसं सांगितलं. दगड पॅरिसच्या विज्ञान अकादमीत गेला. तिघांनी तो तपासला, त्यांत तरुण लाव्हाझिए होता, पुढे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक ठरलेला. निष्कर्ष असा की दगड जमिनीतलाच, त्यावर वीज पडली असावी. आकाशात दगडच नाहीत, मग पडतील कुठून?

लाव्हाझिएनं काम कसोशीनं केलं होतं. दगड फोडला, तापवला, आम्लात टाकला. दगडाची परीक्षा पुरी झाली. कापणीवाल्यांचं म्हणणं मात्र कोणी तपासायला घेतलं नाही. शेतात राबणारी माणसं आभाळाखाली सबंध दिवस काढतात. वीज कशी पडते हे त्यांच्याइतकं पॅरिसात कोणाला ठाऊक असणार होतं?

न पाहिलेल्याचा आत्मविश्वास पाहिलेल्याच्या शब्दापेक्षा वजनदार ठरतो, हे विज्ञानातलं जुनं दुखणं आहे आणि विज्ञानाबाहेरचंही.

ते बरं केलं एका कायदा शिकलेल्या माणसानं. एर्न्स्ट क्लाडनी हा जर्मन, वडिलांच्या आग्रहानं वकिलीची पदवी घेतलेला आणि मनानं ध्वनिशास्त्रात रमलेला. ग्रंथालयात बसून त्यानं शतकांतल्या अग्निगोलांच्या आणि पडलेल्या दगडांच्या हकिकती काढल्या आणि न्यायाधीश साक्षी तोलतो तशा तोलल्या. वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांचं नावही न ऐकलेली माणसं तोच वेग, तोच उजेड, तोच मागाहून येणारा गडगडाट सांगत होती. इतकी माणसं ठरवून एकच खोटं बोलणार नाहीत. १७९४ मध्ये त्यानं पुस्तक काढून सांगितलं की हे दगड अंतराळातून येतात. त्याला हसणारे पुष्कळ निघाले.

नऊ वर्षांनी, २६ एप्रिल १८०३ ला, दुपारी एकच्या सुमारास, नॉर्मंडीतल्या लेगल गावावर तीन हजारांच्या आसपास दगड बरसले. सरकारनं झाँ-बाप्तिस्त बियो या तरुण पदार्थशास्त्रज्ञाला पाठवलं. बियो खेड्याखेड्यांतून हिंडला. शेतकरी, धर्मगुरू, बायाबापड्या, जो भेटेल त्याला विचारत गेला. एकानं सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही असं पाहून विचारत गेला. कुठे दगड पडले आणि कुठे नाहीत याचा नकाशा त्यानं काढला, आणि ती जागा लांबट अंड्याकृती भरली. त्याच्या अहवालानंतर वाद संपला. अकादमीला जे दगड फोडून कळलं नव्हतं ते एक जण पायी हिंडून, लोकांचं ऐकून घेऊन आला.

ऐकून घेणं हेही उपकरण आहे. त्यालाही अचूकता लागते.

तरी एक कोपरा राहिलाच होता. काही पाहणारे शपथेवर सांगत की उल्का दिसली त्याच क्षणी सुर्र असा बारीक आवाज आला. हे शक्य नाही, कारण आवाज शंभर किलोमीटरवरून यायला पाच मिनिटं घेईल. १७१९ च्या इंग्लंडवरच्या अग्निगोलाच्या वेळी खुद्द खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांनी असं सांगणाऱ्यांना मनाचे खेळ म्हणून बाजूला काढलं. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की भगभगत्या तेजाच्या झपझप उघडझाकीनं पानं, केस, गडद कापड अशा वस्तू किंचित तापतात-निवतात आणि त्यांच्या लगतची हवा कंप पावून बारीक आवाज होऊ शकतो. सगळ्या हकिकतींचा उलगडा त्यानं होतो असं नाही. पण ज्यांना तीनशे वर्षं भास झाला म्हणून सांगितलं गेलं, त्यांच्या कानाशी असलेल्या केसांनी कदाचित खरंच आवाज केला होता.

मागे एकदा यवतमाळकडून येताना रस्त्याकडेला थांबलो होतो. कापूस वेचणी चालू होती. ईशान्येला, झाडांच्या शेंड्यांहून बरीच वर, एक पांढरा गोळा हिरवट झाक घेऊन तिरपा खाली आला, शेवटी दोनदा भडकला आणि नाहीसा झाला. आवाज नाही. आभाळ पुन्हा पहिल्यासारखं निळं. आपण पाहिलं ते पाहिलंच ना, हे विचारायला जवळपास एकच माणूस होतं, ओट्यात कापूस भरत सरीतून येणारी एक म्हातारी. मी विचारलं, तुम्ही पाहिलं का हो, आत्ता, तिकडे?

“काय जी?”

मी हात करून दाखवलं, सांगितलं.

“म्या नाही पायलं, भाऊ. मान खाली व्हती माही.” मग हातातलं बोंड ओट्यात टाकत म्हणाली, “पन तुमी पायलं ना? मंग झालं त.”

आणि पुढच्या झाडाला लागली. एवढ्या सहज माझ्यावर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही.

पाहिलेलं आणि त्यावर चढवलेलं, हे वेगळं ठेवणं फार अवघड. वराहमिहिरानं बृहत्संहितेत उल्केला स्वतंत्र अध्याय दिला. धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा असे पाच प्रकार केले. अशनी मोठ्या आवाजानं माणसांवर, जनावरांवर, घरांवर, झाडांवर पडते आणि जमीन विदारते, असं त्यात आहे. हे ज्यानं कोणी प्रथम सांगितलं त्यानं ते पाहिलं असलं पाहिजे. मग त्याच्यापुढे शकुन आले: कोणत्या दिशेची राजाला, कोणत्या रंगाची कोणत्या वर्णाला वाईट. निरीक्षण आजही टिकून आहे. भीती ज्या राजांसाठी होती ते राजे राहिले नाहीत.

जहांगीर बादशहा या बाबतीत मला जवळचा वाटतो. १६२१ च्या एप्रिलात जालंधर परगण्यातल्या एका गावात सकाळी भयंकर आवाज होऊन वरून तेजाळ काही पडलं. तिथल्या अंमलदारानं जागा खणवली, तापलेलं लोखंड काढलं आणि मोहोर लावून दरबारी पाठवलं. बादशहानं ते आपल्यासमोर तोलवलं आणि वजन आत्मचरित्रात नोंदवलं, १६० तोळे. लोहाराला पाती घडवायला दिली. नुसतं आकाशातलं लोखंड हातोड्याखाली टिकेना म्हणून त्याच्या तीन भागांना एक भाग साधं लोखंड मिसळलं, तेही लिहून ठेवलं. त्यातला खंजीर आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. ज्या काळी अशा घटनेवर भाकितांची चळत लागली असती त्या काळी त्यानं वजन लिहिलं.

लोणारला कोणी साक्षीदार नव्हता, किंवा असला तर त्याचा शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. बसाल्टात आघातानं झालेलं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. एका पद्धतीनं मोजलं तर वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास निघतं, दुसऱ्या पद्धतीनं साडेपाच लाखांहून जास्त. दिवस होता की रात्र, कोण सांगणार? साक्ष नव्हती तिथे लवणासुराची कथा आली, दैत्यसूदनाचं देखणं मंदिर आलं. कथेबद्दल मला आदरच आहे. काटोल आणि लोणार एकाच विदर्भात आहेत. एका ठिकाणी तेरा किलो दगड आणि तारखेसकट वेळ, दुसऱ्या ठिकाणी डोंगराएवढा घाव आणि लाखो वर्षांची चूकभूल.

१२ फेब्रुवारी १९४७ ला सकाळी साडेदहाच्या सुमारास रशियाच्या अतिपूर्व भागात, इमान नावाच्या गावात, मेदवेदेव नावाचा चित्रकार खिडकीशी चित्र काढायला बसला होता. कागद समोर, हत्यारं हाताशी. तेवढ्यात सिखोटे-अलिन पर्वताच्या दिशेनं सूर्याहून झगझगीत गोळा गेला, जमिनीवरच्या सावल्या सरकल्या, आभाळात धुराचा पट्टा उरला. मेदवेदेव जे काढणार होता ते त्यानं सोडून दिलं आणि समोर होतं ते काढायला घेतलं. धूर तासन्‌तास टिकला. दहा वर्षांनी सोव्हिएत टपाल खात्यानं ते चित्र तिकिटावर छापलं. लोखंडाचे टनावारी तुकडे नंतर जंगलातून वेचले गेले, पण तो देखावा त्या एका खिडकीतून उरला. हाती कागद असणं हा योगायोग. पहिलं चित्र बाजूला सारणं हा योगायोग नव्हता.

काही उल्का येतात आणि निघून जातात. १० ऑगस्ट १९७२ ला दुपारी अमेरिकेच्या युटाहपासून कॅनडातल्या अल्बर्टापर्यंत एक अग्निगोल जवळजवळ दीड हजार किलोमीटर धावला, मॉन्टानावर सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोमीटर उंचीपर्यंत खाली उतरला आणि पुन्हा अंतराळात गेला. दीडेक मिनिटं तो दिसत होता. सुट्टीवर आलेल्या एका प्रवाशाच्या कॅमेऱ्यानं तो सरोवरावरून जाताना टिपला. दगड नाही, विवर नाही, कोणाला इजा नाही. पाहणाऱ्यांचा शब्द, कॅमेऱ्यानं टिपलेलं आणि एका उपग्रहाची नोंद, एवढ्याखेरीज त्याचा पुरावा उरला नाही.

पाहताना सेकंद मोजण्याला महत्त्व का, हे विदर्भानं एकदा अनुभवलं आहे. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी अर्ध्या महाराष्ट्रानं आभाळात जळत्या रेघांचा ताफा पाहिला. उल्का, उल्का म्हणून फोन सुरू झाले. पण तो ताफा फार सावकाश गेला, आणि उल्का इतकी सावकाश जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. चिनी अग्निबाणाचा तो भाग असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. ज्यांनी घड्याळ पाहिलं होतं, त्यांचं म्हणणं आधीच त्या बाजूला झुकत होतं.

तेव्हा दिवसाची उल्का दिसली तर फोन काढायच्या नादात ती घालवू नये. डोळे तिच्यावर ठेवावेत आणि मनात सेकंद मोजावेत. ती विझली की मोजणं थांबवू नये, कारण आवाज यायचा असतो. मात्र तोपर्यंत काचेपासून दूर व्हावं. जिथे उभे होतात ती जागा हलू देऊ नये, पायाखाली खूण करावी. ती कुठल्या झाडावर, कुठल्या टाकीवर, कुठल्या खांबावर दिसली आणि कुठल्या छपराआड गेली, हे तिथूनच पाहून ठेवावं. हात लांब करून धरलेली मूठ क्षितिजापासून साधारण दहा अंश मापते, तेवढं माप कोणाच्याही अंगी असतं. दगड सापडला तर त्याला चुंबक लावू नये, लावला तर दगडात साठलेली चुंबकत्वाची जुनी नोंद पुसते. धुऊ नये, शेंदूर लावू नये, फोडून वाटू नये. कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावं. देशात पडलेले अशनी सांभाळायचं काम त्यांच्याकडे आहे. आणि सोबत आणखी कोणी पाहिलं असेल, तर एकमेकांशी बोलायच्या आधी दोघांनी आपापलं वेगळ्या कागदावर लिहून काढावं, खाली वेळ घालावी.